आधी खूण, मग जोड

गेल्या मे महिन्यात तीन दिवस गावी जाऊन परतलो, तर जिन्यातच खालच्या मजल्यावरचे काका उभे. "आमच्या ओट्यावर कालपासून पाणी टपकतंय आणि तुमच्याकडे कुलूप," एवढंच म्हणाले. उरलेलं चेहऱ्यावर होतं. दार उघडलं. सिंकखालच्या कपाटाचं प्लायवूड भिजून फुगलेलं, तळाशी ठेवलेला तांदळाचा डबा पाण्यात, आणि आरओच्या फिल्टरकडे जाणारी पेन्सिलीएवढी नळी एल्बोमधून सुटून कपाटाच्या कोपऱ्यात पाणी ओतत होती. अशा नळीतून मिनिटाला लिटरभर पाणी गेलं असं धरलं, तरी एका रात्रीच्या आठ तासांत ४८० लिटर होतात. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीचा हा जवळजवळ अर्धा हिस्सा.

आमच्या सोसायटीत वर्षानुवर्षं येणारे प्लंबरमामा आले. मी म्हटलं, "मामा, नळी निसटली बघा." त्यांनी नळीचं टोक उजेडात धरलं, अंगठ्याच्या नखाने चाचपलं आणि म्हणाले, "निसटली नाही, ताई. ही बसलीच नव्हती." टोकावर बारीक ओरखडे होते, पण अगदी कडेला, तीन-चार मिलिमीटरवर. नळी पूर्ण आत गेली असती तर ते ओरखडे टोकापासून बरेच मागे उमटले असते. चार महिन्यांपूर्वी कुणीतरी फिल्टर बदलताना ती अर्धवटच दाबली होती. चार महिने ती केवळ कुणी धक्का न लावल्यामुळे टिकली.

दाबून बसवायच्या, म्हणजे पुश-फिट जोडाची सगळी खुबी आणि सगळा धोका या एका टोकात आहे. याला सोल्युशन लागत नाही, आटे पाडावे लागत नाहीत, आच लागत नाही. पाइप आत दाबला की काम झालं. म्हणूनच तो घरच्या माणसालाही जमतो. पण सोल्युशनचा जोड कडेला ओघळ दाखवतो, आट्यांचा जोड किती फेरे बसले ते सांगतो. दाबून बसवलेला जोड मात्र काहीच सांगत नाही. अर्धवट बसलेला आणि पूर्ण बसलेला बाहेरून सारखाच दिसतो. त्याला बोलतं करायचं साधन एकच: पाइपवर आधी काढलेली खूण.

आत काय असतं

एखादा जुना जोड उघडून पाहा. तोंडाशी प्लास्टिकची एक छोटी कडी दिसेल. तिला कोलेट म्हणतात. तिच्या आतल्या अंगाला किंवा तिच्या मागे स्टीलचे बारीक दात असतात, आतल्या बाजूला कललेले. त्याच्याही पुढे रबराची ओ-रिंग आणि सगळ्यात शेवटी पाइप जिथे टेकतो तो कट्टा. ओढ्यात मासे धरायला बांबूचा सापळा लावतात, त्याच्या तोंडाशी कामट्या आत वळवलेल्या असतात. मासा सहज आत सरकतो. परतताना त्याच कामट्या त्याला अडवतात. इथेही तसंच आहे. पाइप आत जाताना दात वाट देतात, बाहेर ओढला की रुततात, आणि जितकं ओढाल तितके घट्ट होतात.

मात्र दातांचं काम धरण्याचं आहे, पाणी अडवण्याचं नाही. पाणी अडवते ती पुढची ओ-रिंग. पाइप दातांपर्यंत पोचला की हाताला 'बसला' असं वाटतं, ओढूनही तो येत नाही; पण तो ओ-रिंगमधून पार होऊन कट्ट्याला टेकलेला नसतो. फसवणूक इथेच होते. हाताला दोन अडथळे जाणवले पाहिजेत: पहिला दातांचा, दुसरा ओ-रिंगचा. दुसरा ओलांडून कट्ट्याला टेकल्याशिवाय जोड झाला असं मानू नका.

ज्यांचा शेतीशी संबंध आहे त्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. ठिबकच्या लॅटरलचा जॉइनर नळीच्या आत जातो. तिथे नळी ताणून बसते. इथे उलट, पाइप जोडाच्या आत जातो आणि पाण्याला अडवायचं काम पाइपच्या बाहेरच्या पृष्ठभागावर होतं. म्हणून पाइपच्या टोकावरचा एक उभा चरा, एखादा खडा किंवा छापील अक्षरांचा उंचवटासुद्धा थेंब सुटायला पुरतो.

आपल्या घरात हे जोड कुठे सापडतात

पहिली जागा म्हणजे आरओ किंवा तत्सम फिल्टर. तिथली नळी पाव इंची, म्हणजे बाहेरून ६.३५ मिलिमीटर. इनलेटच्या छोट्या कॉकवर ती बहुतेक वेळा नटने आवळलेली असते. पुढे फिल्टर, पंप, मेम्ब्रेन, टाकी असं जाताना जवळपास प्रत्येक ठिकाणी दाबून बसवलेले एल्बो आणि कनेक्टर असतात.

दुसरी जागा सांडपाण्याची. संडास-बाथरूमचे जे ७५ आणि ११० मिलिमीटरचे पाइप डक्टमधून खाली येतात, त्यांना बाजारात एसडब्ल्यूआर पाइप म्हणतात. यात दोन प्रकार मिळतात: सोल्युशनने चिकटवायचे आणि रबर रिंगचे. रिंगचा प्रकार हाही दाबून बसवायचा जोडच, फक्त त्याला दात नसतात. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

तिसरी जागा, संपूर्ण घराचं गरम-थंड पाणी, ही आपल्याकडे अजून विरळ आहे. आपले प्लंबर गरम-थंड पाण्यासाठी सीपीव्हीसी आणि नुसत्या थंडसाठी यूपीव्हीसी वापरतात, दोन्ही सोल्युशनने. ब्रिटनमध्ये मात्र १५ आणि २२ मिलिमीटरच्या मऊ प्लास्टिक पाइपला असे जोड घरोघरी आहेत. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी घराची डागडुजी काढली की यांच्याशीच गाठ पडते. त्या मऊ पाइपच्या तोंडात आधी एक छोटी आधारनळी घालावी लागते. ती नसेल तर पाइप दातांच्या दाबाखाली किंवा गरम पाण्याने आत दबतो आणि ओ-रिंगपाशी फट पडते. घाईत हमखास विसरली जाते ती हीच वस्तू.

अर्धा इंच म्हणजे नेमका किती

दुकानात "अर्ध्याचा कपलर द्या" म्हणून चालत नाही. आपल्या अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाइपचं बाहेरचं माप १५.९ मिलिमीटर असतं. पांढऱ्या अर्ध्या इंची यूपीव्हीसी प्लंबिंग पाइपचं २१.३. ब्रिटिश १५ मिलिमीटरचा पाइप बाहेरून खरोखर १५ मिलिमीटरच. तिघांनाही लोक 'अर्ध्याचा' म्हणून मोकळे होतात. परदेशातून नातेवाइकाने आणलेला १५ चा कपलर आपल्या सीपीव्हीसीवर जात नाही, आणि कानस मारून पाइप बारीक करून घातला तर ओ-रिंगला गुळगुळीत पृष्ठभागच उरत नाही.

आरओच्या नळीत याहून लबाड गोष्ट घडते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांसाठी ६ मिलिमीटरचे अगदी असेच दिसणारे कनेक्टर हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ६.३५ आणि ६ यांतला फरक डोळ्याला दिसत नाही. नळी कधी जातच नाही, कधी जोर लावून अर्धी जाते. शिवाय तो जोड पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेला नसतो. म्हणून जुन्या नळीचा वीतभर तुकडा सोबत घेऊन जा आणि दुकानातच घालून पाहा. व्हर्नियर कॅलिपर घरात असेल तर उत्तमच.

खरेदी करताना पाइपवरची छपाई वाचायची सवय लावा. यूपीव्हीसी पाणीपुरवठ्याच्या पाइपवर आयएस ४९८५, सीपीव्हीसीवर आयएस १५७७८ आणि सांडपाण्याच्या पाइपवर आयएस १३५९२ हे क्रमांक असतात. सांडपाण्याच्या पाइपमध्ये 'ए' आणि 'बी' असे दोन प्रकार आहेत: 'ए' हवा आणि पावसाच्या पाण्यासाठी, 'बी' मैला आणि सांडपाण्यासाठी. संडासाच्या लाइनला स्वस्त पडतो म्हणून 'ए' घालणारे महाभाग आहेत; छपाई वाचलीत तर ते तिथल्या तिथे कळतं. पाइप आणि फिटिंग शक्यतो एकाच कंपनीचे घ्या. रबर रिंग हातात घेऊन ताणून पाहा. वर्षानुवर्षं दुकानात पडलेल्या रिंगवर बारीक भेगा दिसतात.

निम्मं काम कापण्यात

पाइप तिरका कापला की त्याची एकच बाजू कट्ट्याला टेकते, दुसरी मागे राहते. काटकोनात कापायची एक जुनी युक्ती आहे. वर्तमानपत्राचा सरळ कडेचा पट्टा पाइपभोवती गुंडाळा आणि कडेवर कड तंतोतंत जुळवा. जुळलेल्या कडेने पेन्सिल फिरवली की पाइपच्या अक्षाशी काटकोनातली रेघ मिळते. ११० च्या पाइपला तर याला पर्याय नाही.

आरओच्या नळीला स्वयंपाकघरातली कात्री लावू नका. कात्री नळी आधी चेपते, मग कापते. तोंड लंबगोल होतं. नळीचा छोटा कटर मिळतो. नसेल तर नवं धारदार पातं घ्या आणि लाकडी पाटीवर एका दाबात सरळ कापा. मोठ्या पाइपला हॅक्सॉ चालतो, पण त्याने कडेला जी भुसकट आणि बोचरी किनार राहते ती आतून-बाहेरून काढावीच लागते. बाहेरची धारदार किनार आत जाता जाता ओ-रिंगला चिरते. गळती मग दिसते आणि कारण दिसत नाही.

शेवटी पाइपचं टोक दोन बोटांत धरून गोल फिरवा. बोटाला काही लागलं तर तेवढा भाग कापून टाका. जुनी नळी पुन्हा वापरताना दातांचे ओरखडे असलेलं टोक नेहमी कापायचं. लांबी कमी पडेल म्हणून ते ठेवण्याचा मोह होतो, पण नळीची किंमत कपाटाच्या प्लायवूडपेक्षा बरीच कमी असते.

खूण, दाब, ओढ

आता प्रत्यक्ष काम.

१. कॉक बंद करा आणि पुढचा नळ उघडून दाब सोडा. आरओचा वीजपुरवठाही बंद करा.

२. टाकाऊ पाइपचा तुकडा जोडात पूर्ण टेकेपर्यंत घाला आणि तोंडापाशी खूण करून बाहेर काढा. टोकापासून खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या जोडाची खोली. पाव इंची नळीला ते साधारण दीड-दोन सेंटिमीटर येतं, पण कंपनीगणिक बदलतं. म्हणून मोजूनच घ्या.

३. तेवढ्याच अंतरावर खऱ्या पाइपवर खूण करा. गुळगुळीत नळीवर पेन्सिल उमटत नाही, मार्कर वापरा.

४. टोक स्वच्छ पाण्याने ओलं करा. तेल, ग्रीस, व्हॅसलीन काही नको; पेट्रोलियमच्या पदार्थांनी रबर फुगतं आणि सैल पडतं.

५. पाइप सरळ धरून दाबा. पहिला अडथळा, मग दुसरा, मग कट्टा. खूण जोडाच्या तोंडाला भिडली पाहिजे. केसभरही बाहेर राहिली तर काढून पुन्हा.

६. आता उलटं ओढा. दात रुततील, पाइप एखादा मिलिमीटर मागे येऊन थांबेल. त्याहून मागे आला तर जोड खराब आहे.

७. लॉक क्लिप बसवा. ही रंगीत बारीक क्लिप कोलेटच्या मागे बसते आणि त्याला चुकून दाबलं जाण्यापासून वाचवते. कपाटात सिलिंडर, बरण्या, घासणीचा डबा सरकवताना हात तिथेच लागतो, म्हणून ही क्लिप शोभेची नाही.

८. कॉक हळूहळू उघडा. जोडाखाली कोरडा टिशू पेपर धरा. दहा मिनिटांनी पाहा, मग रात्री, मग सकाळी.

तीन चुका इतक्या सर्रास होतात की वेगळ्या सांगायला हव्यात. एक, पाइपला टेफ्लॉन टेप गुंडाळणं. टेप आट्यांसाठी असते. एल्बोच्या ज्या टोकाला आटे आहेत तिथे ती हवी. दाबून बसवायच्या टोकाला ती ओ-रिंगचं काम बिघडवते. दोन, गळायला लागलं की वरून एम-सील थापणं. आरओच्या नळीचं प्लास्टिक पॉलिथिन जातीचं असतं, त्याला हे लेप धरतच नाहीत. तीन, जोडातून बाहेर पडल्या पडल्या नळी वाकवणं. दोन-तीन बोटं तरी ती सरळ जाऊ द्या. वाकलेली नळी ओ-रिंगच्या एका बाजूला सतत रेलते आणि दुसरीकडे फट पडते. वळण जवळच घ्यायचं असेल तर एल्बो लावा.

लोक विचारतात, "आमच्याकडे पाण्याला दाबच नसतो, मग एवढं कशाला?" दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब पडतो. टाकीच्या खाली तीन मजले असलात तर तो बारभराच्या आतच. पण आरओचा पंप मेम्ब्रेनकडे पाणी चार-पाच बार किंवा त्याहून जास्त दाबाने ढकलतो. तेव्हा एकाच यंत्रात एक जोड निवांत असतो आणि हातभर अंतरावरचा दुसरा त्याच्या कित्येक पट ताण सोसत असतो. तपासणी पंप आणि मेम्ब्रेनमधल्या जोडापासून सुरू करा, तीही यंत्र चालू असताना. कमी दाबाच्या जोडाला निर्धास्त समजू नका. ओ-रिंगला पाण्याचा दाब थोडी मदतच करतो, तो तिला फटीत रेटून बसवतो. दाब कमी असला की बारीक चऱ्यातून थेंब मुकाट पाझरत राहतो आणि महिन्याभराने कपाटाला बुरशीचा वास येतो तेव्हा कळतं.

सांडपाण्याच्या पाइपला खूण बाहेर हवी

आता डक्टमध्ये येऊ. इथे खूण लागतेच, पण तिचा अर्थ उलटा आहे.

प्लास्टिक तापलं की वाढतं, आणि पीव्हीसी लोखंडापेक्षा कितीतरी जास्त. पहाटेचा गारठा आणि दुपारचं थेट ऊन यांत पाइपच्या अंगाला ४० अंशांचा फरक पडला, तर तीन मीटरच्या पाइपची लांबी ८ मिलिमीटरच्या आसपास बदलते. विदर्भात उन्हाच्या बाजूला लावलेल्या पाइपला एवढा फरक काही विशेष नाही. सोल्युशनने चिकटवलेल्या सरळ उभ्या लाइनला ही वाढ कुठेतरी रिचवावी लागते. मग बेंड ताणतात, क्लॅम्प उखडतात. रिंगच्या जोडात पाइप आत-बाहेर सरकू शकतो, हीच त्याची करामत. पण सरकायला जागा ठेवली तर.

म्हणून पद्धत अशी. सॉकेटमधली खाच पुसून घ्या. बांधकामावर वाळूचा एक कण तिथे हमखास असतो. रिंग खाचेत नीट बसवा, पीळ पडू देऊ नका. पाइपच्या टोकाला कानशीने बाहेरून सुमारे १५ अंशांचा उतार द्या, नाहीतर टोक रिंगला खाचेतून ढकलून देतं. पाइपला कंपनीचं वंगण किंवा साबणाचं पाणी लावा. काही ठिकाणी सरळ खोबरेल किंवा इंजिन ऑइल लावतात. त्याने पाइप सुळकन जातो आणि रिंग कालांतराने फुगून निकामी होते. पाइप पूर्ण आत टेकवा, तोंडापाशी खूण करा, आणि मग खूण १० मिलिमीटर बाहेर येईपर्यंत पाइप मागे घ्या. ही १० मिलिमीटरची मोकळीक म्हणजे उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेली जागा. पिण्याच्या पाण्याच्या जोडात खूण तोंडाला भिडलेली हवी, सांडपाण्याच्या जोडात बोटभर बाहेर. दोन्हीकडे रेघ एकच. ती कुठे थांबली यावर जोड बरोबर की चूक ते ठरतं.

११० चा पाइप हाताने जात नसेल तर टोकाला लाकडी ठोकळा लावून पहारीने हलकेच रेटा. सरळ हातोडा मारला की सॉकेटला केसासारखी चीर जाते आणि ती पहिल्या तुंबण्यापर्यंत लपून राहते.

मघाशी म्हटलं तसं, या जोडाला दात नाहीत. रिंग पाणी अडवते, पाइप धरून ठेवत नाही. धरून ठेवायचं काम क्लॅम्पचं. आडव्या ११० च्या पाइपला साधारण मीटरभरावर आधार हवा, उभ्याला फार तर दोन मीटरवर. सॉकेटच्या मागचा क्लॅम्प घट्ट आवळा, मधले थोडे सैल ठेवा. पाइपला सरकू द्यायचं आहे. डक्टमधला पाइप खाली चोंदला आणि तीन मजले पाण्याने भरला, तर तळाच्या बेंडवर जवळपास एक बारचा दाब येतो. सैल क्लॅम्पवरचा बेंड अशा वेळी सुटून पडतो, आणि त्यातून येणारं पाणी स्वच्छ नसतं.

आणखी दोन गोष्टी. सॉकेटचं तोंड नेहमी पाणी येतं त्या दिशेला, म्हणजे उभ्या लाइनीत वर. उलटं लावलं तर प्रत्येक सांध्यावर केस आणि चिंध्या अडकतात. आणि आडव्या लाइनीला मीटरमागे सुमारे दोन सेंटिमीटर उतार ठेवा. डक्ट बंद करण्याआधी खालचं तोंड बंद करून लाइन पाण्याने भरून ठेवा आणि प्रत्येक सांध्यावरून कोरडा हात फिरवा. ठेकेदार घाई करेल, तरी फरशी आणि प्लास्टर झाल्यावर ही तपासणी दहापट महाग पडते.

काढताना

दाबून बसवलेला जोड काढता येतो, ही त्याची दुसरी मोठी सोय. पण नळी ओढायची नसते. आधी दाब सोडा, क्लिप काढा. मग कोलेटची कडी दोन्ही बाजूंनी सारखीच आत दाबा. एका बाजूने दाबली तर समोरचे दात रुतलेलेच राहतात. दोन अंगठ्यांची नखं किंवा नळीवर बसणारा छोटा पाना पुरतो. कडी दाबलेली ठेवूनच नळी सरळ ओढा. बोअरवेलचं जड पाणी असलेल्या घरात कोलेटभोवती पांढरा क्षार साचतो आणि ती हलत नाही. अशा वेळी कापडाला व्हिनेगर लावून थोडा वेळ गुंडाळून ठेवा. तरीही हट्ट करत असेल तर जोड सरळ कापून नवा लावा.

जिथे हे जोड नकोत

भिंतीत पुरलेल्या लाइनीत दाबून बसवायचा जोड ठेवू नका. ओ-रिंग रबराची आहे आणि रबराला वय असतं. जिथे हात पोचत नाही तिथे ती नको. भिंतीतल्या कामाला सीपीव्हीसीचा सोल्युशनचा जोडच बरा, तोही प्लास्टरआधी रोजच्या दाबाच्या दीडपट दाबावर तपासून. पुरायचंच असेल तर जोडावर उघडता येणारी झाकणपट्टी ठेवा. अमेरिकेत साधारण १९७८ ते १९९५ या काळात घराघरांत पॉलिब्युटिलीनचे पाइप बसले. पाण्यातल्या क्लोरीनने ते आणि त्यांचे प्लास्टिकचे जोड हळूहळू ठिसूळ झाले, भिंतींमागे फुटले, आणि प्रकरण मोठ्या सामूहिक दाव्यापर्यंत गेलं. पाइपचा दोष होताच, पण भिंतीआड असल्यामुळे तो फुटल्यावरच दिसला.

उष्णतेच्या जागांपासून दूर राहा. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत चालतं, पण उन्हाळ्यात दोन दिवस न वापरलेल्या सोलर हीटरमधलं पाणी त्याच्याही जवळ जाऊ शकतं. सोलर आणि गिझर यांच्या तोंडाशी पहिला हात-दोन हात धातूचा ठेवणं शहाणपणाचं. आरओची नळी आणि तिचे जोड थंड पाण्यासाठीच असतात. त्यांचा इनलेट कधीही मिक्सरच्या गरम बाजूला जोडू नका.

उन्हात उघडी नळी नको. अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होतं आणि पारदर्शक नळीत शेवाळ धरतं. गच्चीवरच्या पाइपला पाण्यात मिसळायचा इमल्शन रंग द्या. तेलाचा रंग सीपीव्हीसीला मानवत नाही. सिंकखाली उंदीर फिरत असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त. मऊ नळीवर त्यांचे दात कोलेटच्या दातांपेक्षा लवकर चालतात.

एक गोष्ट विजेची. जुन्या घरातली जीआय लाइन काढून प्लास्टिकची टाकताना अर्थिंग तपासा. कित्येक जुन्या घरांत गिझरचं अर्थिंग नकळत लोखंडी पाइपच्या भरवशावर असतं. पाइप प्लास्टिकचा झाला की तो आधार तुटतो. गिझरला स्वतःची अर्थिंगची वायर आहे की नाही, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घेतल्याशिवाय शॉवरखाली उभं राहू नका.

घरात ठेवायचा डबा

मामांच्या सांगण्यावरून मी आता सिंकखाली एक छोटा डबा ठेवते. त्यात पाव इंची नळी दोन मीटर, दोन सरळ कनेक्टर, दोन एल्बो, एक बूच, पाच-सहा लॉक क्लिप, नळीचा कटर, टेफ्लॉन टेप आणि मार्कर. रविवारी दुकान बंद असताना नळी सुटली तर बूच लावून निदान घर कोरडं ठेवता येतं. गावी जाताना मात्र डब्यावर विसंबू नका. आरओचा इनलेट कॉक बंद करा. दारावरच्या कुलपाइतकीच ती सवय व्हायला हवी.

फिल्टर बदलायला माणूस येतो तेव्हा मी जवळ उभी राहते. तो सराईत असतो, दिवसाला दहा घरं करतो, आणि मार्कर काढणं त्याला वेळेचा अपव्यय वाटतो. मागच्या वेळी त्याने विचारलंच, "मॅडम, एवढं काय बघायचंय यात?" मी कपाटात टॉर्च मारला आणि आधीच्या एल्बोकडे बोट दाखवलं. पांढऱ्या नळीवर जोडाच्या तोंडाला भिडलेली काळी बारीक रेघ होती. त्याने एकदा तिकडे पाहिलं, मग स्वतः लावलेल्या नळीकडे, आणि ती पुन्हा दाबली. नळी अजून चार मिलिमीटर आत गेली.